पुढारी पारखावा कसा?



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. पण आज वर्धापनदिनी मंडळाच्या नव्या पदाधिकारी निवडायच्या आहेत, म्हणून चार शब्द बोलते.

पुढाऱ्याला धीटपणा हवा, बोलण्यात गोडवा हवा, हे खरेच. अडचण अशी की, वाईट पुढाऱ्याजवळही नेमके हेच असते. पॉलहस व विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी 2002 साली तीन काळ्या प्रवृत्ती एकत्र मांडल्या : आपल्याच मोठेपणात दंग असणे, कपटाने माणसे वापरणे आणि दुसऱ्याच्या दुःखाने काळीज न हलणे. अशी माणसे पहिल्या भेटीत छाप पाडतात. खोड कळते ती खुर्ची दिल्यावर.

पेण अर्बन बँकेचे उदाहरण तर आपल्या दारातले. सप्टेंबर 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि 2 लाखांच्या घरातील ठेवीदारांचे पैसे अडकले. खोट्या कर्जखात्यांतून शेकडो कोटी रुपये गेल्याचे बाहेर आले. संचालकांवर गुन्हे नोंदले गेले. कोणाच्या मनात काय होते, ते मी सांगणार नाही; दोष ठरविणे न्यायालयाचे काम. पण खोटी खाती एका रात्रीत होत नाहीत. खारबंदिस्तीचा बांधसुद्धा आधी खेकड्याच्या बिळाने पोखरतो; मग एका उधाणात खांड पडते आणि शेतात खारे पाणी शिरते.

म्हणून माणूस पारखण्याची माझी रीत साधी आहे. हिशेब विचारावा आणि तोंडाकडे पाहावे. जी वही पुढे सरकवते, ती आपली. "माझ्यावर विश्वास नाही का?" असे जी म्हणते, तिची वही दोनदा वाचावी. मात्र पावतीसाठी चारचौघींत रागावणारी खजिनदार वाईट समजू नका. ती कडक असेल, पण ती तुमचाच पैसा राखते.

माणसाचे मन कोणाला दिसत नाही, वही दिसते. तेव्हा कोणीही निवडून येवो, पैसे काढताना दोघींच्या सह्या असाव्यात, दरमहा जमाखर्च सर्वांसमोर मोठ्याने वाचावा आणि एकीकडे एकच पद वर्षानुवर्षे राहू नये. आपल्या पेटीत कोणाच्या मुलाची फी आहे, कोणाचे औषधपाणी आहे. त्या पैशाला भिडेचे कुलूप पुरत नाही.