गंज आणि जुनी जीप



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून उन्हाळ्याच्या या दिवसांत गावोगावच्या व्यासपीठांवरून संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर बोलले जाते. त्या पंगतीत आज मी जुन्या डिझेल जीपचे पान वाढतो आहे. संयोजकांनी मला कामगार चळवळीवर बोला असे सुचविले होते. मी म्हटले, विषय तोच आहे. फक्त तो गाडीखाली पाठीवर निजून पाहावा लागेल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. यंत्रांवरची पुस्तके मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली आणि त्यांतले खरे किती हे मिस्त्र्यांना विचारून ठरविले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा कोणी ठेवू नये.

अहमदपूर लातूर-नांदेड रस्त्यावर आहे. मोठ्या रस्त्याला एस. टी. आहे. पण किनगाव, हाडोळती, शिरूर ताजबंद या बाजूंची आतली खेडी घ्या. तिथला माणूस बाजाराला, दवाखान्याला, कोर्टाच्या तारखेला वर्षानुवर्षे जीपनेच आला. नऊ माणसांच्या जागी सोळा बसली, टपावर कोंबड्यांची पाटी, मागे लोंबकळणारी दोन पोरे. एस. टी. ला नावे ठेवणारे आपण जीपच्या सांगाड्याकडे मात्र कधी वाकून पाहत नाही. म्हणून हा विषय.

ही गाडी आपल्याकडे आली कशी, तेही थोडक्यात सांगतो. अमेरिकन सैन्यासाठी १९४१ ते १९४५ या काळात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर आपल्या देशात राहिलेल्या गाड्या 'डिस्पोजल'चा माल म्हणून विकल्या गेल्या. १९४७ मध्ये मुंबईला माझगावात परदेशी सुटे भाग आणून विलिस जीप जोडण्याचे काम सुरू झाले. जोडणारी कंपनी तेव्हा महिंद्र अँड महंमद होती, ती १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र झाली. मूळ विलिस जीपचे एंजिन पेट्रोलचे, सुमारे साठ अश्वशक्तीचे. पेट्रोल परवडेना, तेव्हा लोकांनी त्या सांगाड्यांत डिझेल एंजिने बसविली. कोणी इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातले बसविले, कोणी पुढे प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या रचनेचे. आपल्या भागात ज्याला 'जुनी विलायती जीप' म्हणतात ती बहुधा अशीच असते : हाडे अमेरिकेची, काळीज ट्रॅक्टरचे, आणि अंगावरचा पत्रा इथल्याच मिस्त्र्याच्या हातचा.

इथे पहिला मुद्दा येतो. डिझेल एंजिन पेट्रोलच्या एंजिनाहून जड असते आणि हादरेही जास्त देते. हलक्या एंजिनासाठी केलेल्या सांगाड्यावर ते बसविले की त्याचे पाय जिथे बोल्टाने आवळलेले असतात तिथे लोखंडाला बारीक चीर पडू लागते. चिरेत पाणी शिरते, पाण्यामागून गंज येतो, गंजाने लोखंड पातळ होते आणि चीर आणखी वाढते. हादरा आणि गंज हे दोघे मिळून दरोडा घालतात. एकट्याला पकडून भागत नाही.

गंज म्हणजे काय? आपल्याकडे कोणी जंग म्हणते, कोणी तांबेरा. गव्हावरचा तांबेरा शेतकऱ्याला चांगला ठाऊक आहे; लोखंडाचा त्याहून चिवट. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की लोखंडाची तांबूस भुकटी होते. ही भुकटी मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेते, म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज धरला की पत्रे फुगून एकमेकांपासून उकलतात. मीठ असेल तर हे काम फार झपाट्याने होते. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत वाढलेली गाडी स्वस्तात मिळाली म्हणून कोणी आणू लागला, तर मी त्याला आधी गाडीखाली जायला सांगतो.

'पण आमचा मराठवाडा कोरडा, इथे कसला गंज?' असे पुष्कळांना वाटते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, हे खरे. पण आपल्याकडे समुद्राचे काम काळी माती करते. पावसाळ्यात हा गारा चाकांवरून उडून सांगाड्याच्या खोबणीत, पाट्यांच्या पानांत, मडगार्डाच्या आतल्या बाजूला बसतो. वरून वाळून कडक होतो, आतून आठ-आठ दिवस ओला राहतो. यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. ज्या जागी हवा कमी पोचते त्या झाकलेल्या जागीच लोखंड जास्त खाल्ले जाते. उघडा, वारा लागणारा भाग त्या मानाने वाचतो. मातीखाली लोखंड सुरक्षित आहे ही समजूत नेमकी उलटी आहे. त्यात याच जीपमधून खताची पोती जातात, बकऱ्या जातात. सांडलेले खत आणि जनावरांचे मूत यांतही क्षारच असतात, आणि ते फरशीच्या सांध्यांत मुरतात.

टंचाईच्या दिवसांत गाडी धुवा म्हणणे मला शोभणार नाही. पण दोन बादल्या वापरलेले पाणी, एक खराटा आणि लाकडी फावडी एवढ्याने खालची माती निघते. मात्र ते पाणी मचूळ, खारे नको. आणि दरवाजांच्या व सांगाड्याच्या तळाशी कारखान्यानेच ठेवलेली बारीक भोके असतात, त्यांत तार घालून ती मोकळी करावीत. भोक बुजले की दरवाजाचा हौद होतो.

आता परीक्षा. आपल्या मायभगिनी कुंभाराकडे मडके वाजवून घेतात. सांगाडाही तसाच वाजवून घ्यावा. लहान हातोडीने टिचक्या मारीत जावे. निरोगी लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. बद्द वाजले तिथे टोच्याने दाबावे. टोच्या आत गेला तर ते लोखंड नव्हे, पापड आहे. पाट्यांच्या शॅकलच्या जागा, स्टीअरिंगची पेटी जिथे आवळली आहे ती जागा आणि एंजिनाचे पाय, हे आधी पाहावे.

हे वाजवून पाहण्याचे काम होऊ नये म्हणूनच एक धंदा चालतो. पासिंगच्या आदल्या दिवशी किंवा गिऱ्हाईक यायच्या आधी सांगाड्याला जाड डांबर नाहीतर काळा रंग फासतात. गाडी नव्या नवरीसारखी दिसते. पण गंजावर फासलेले डांबर वाळून तडकते, तड्यातून पाणी आत जाते आणि बाहेर पडत नाही. एका हंगामात जे कुजले असते ते झाकणाखाली अधिक लवकर कुजते, आणि तेही कोणाला न दिसता. मला या काळ्या रंगाचा मनस्वी राग आहे. तो पैसे वाचवीत नाही. तो धोका मालकाच्या अंगावरून काढून चालकाच्या आणि उतारूंच्या अंगावर टाकतो.

दुसरी चाल जळक्या ऑइलची. एंजिनातून काढलेले काळे ऑइल सांगाड्याला पुसतात. त्याने थोडा आडोसा मिळतो, हे मी नाकारीत नाही. पण त्यावर धूळ बसून लगदा होतो, रबराचे बुश त्याने फुगतात, ब्रेकच्या लायनरवर गेले तर ब्रेक लागत नाही. शिवाय ते ऑइल उघड्या हाताने चोळणाऱ्या पोराच्या कातडीला त्यातली द्रव्ये कर्करोगासारख्या रोगाचे निमंत्रण देतात. मग करावे काय? गंज खरवडून, तारेच्या ब्रशाने घासून लोखंड उघडे करावे. जे खाचांतून निघत नाही त्यावर फॉस्फॉरिक आम्लाचे गंजनाशक द्रावण लावावे. तेलकटपणा पुसून काढावा आणि धातू कोरडा असतानाच, त्याच दिवशी, प्रायमरचा हात द्यावा. उघडे लोखंड रात्रभर ठेवले की सकाळपर्यंत पुन्हा पिवळे पडते. कडा आणि बोल्टांची डोकी ब्रशाने वेगळी रंगवावीत, कारण कडेवर रंग नेहमी पातळ बसतो. दोन हात प्रायमर, वर दोन हात रंग. सांगाड्याच्या बंद पोकळीत ब्रश जात नाही. तिथे पातळ केलेले मेण भोकांतून फवारतात.

प्रायमरवरून आठवले. जुने लोहार आणि पूल बांधणारे इंजिनीअर लोखंडाला शेंदूर लावीत. आपण मारुतीला जो शेंदूर चढवितो तोच, शिशाचा. लोखंडाचे रक्षण तो उत्तम करी. पण शिसे हे विष आहे आणि घासताना त्याची धूळ पोटात जाते, म्हणून तो मागे पडला. आज झिंक फॉस्फेटचा प्रायमर मिळतो. जुन्या गाडीचा नारिंगी थर खरवडायचा असेल तर तो ओला करून, तोंडाला साधा रुमाल नव्हे तर चांगला मुखवटा बांधून खरवडावा.

रंगाच्या गोष्टी पुरे. जीव घेतो तो ब्रेक. जुन्या जीपला चारही चाकांच्या ब्रेकची एकच वाट असते. ऑइल पोलादाच्या बारीक नळ्यांतून जाते आणि त्यांतली कोणतीही एक फुटली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. त्यातून गंमत अशी, की ही नळी दोन्ही बाजूंनी गंजते. बाहेरून मातीने, आणि आतून? ब्रेकचे ऑइल हवेतले पाणी शोषून घेते, त्या पाण्याने. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे, कमी झाले नसले तरी. आणि बालाघाटच्या उतारावर सोळा माणसे घेऊन उतरणाऱ्या गाडीच्या नळ्यांना ठिगळ लावू नये. सगळ्या नव्या घालाव्यात.

चारही चाकांना ओढ देण्याची जी सोय आहे तिच्याविषयी चालकांत दोन समजुती आहेत. काही जण ती कधीच लावीत नाहीत, काही जण डांबरी रस्त्यावरही लावून ठेवतात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर जातात. चिखलात चाक थोडे घसरून तो फरक मिटतो, कोरड्या डांबरावर तो मिटायला जागा नसते. मग टायर झिजतात आणि गियर आवळून बसतात. म्हणून डांबरावर नको. पण महिन्यातून एकदा मऊ रानात थोडे अंतर जरूर लावावी, म्हणजे आतल्या दातांना ऑइल मिळते. ओढा ओलांडतानाची गोष्टही सांगतो. चालून तापलेला अॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते. वरची श्वासनळी मातीने बुजली असेल तर तो सीलमधून पाणी ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी नट सैल करून ऑइल पाहावे. दुधी दिसले तर ते ताबडतोब बदलावे.

डिझेलचेही पाण्याशीच वैर. टाकी अर्धी ठेवून गाडी रात्रभर उभी केली की मोकळ्या जागेतल्या दमट हवेचे पाणी आतल्या पत्र्यावर धरते आणि तळाशी जाते. पंप आणि नोझल यांची घडण इतकी बारीक असते की पाण्याचे थेंबही त्यांना खरवडतात. पावसाळ्यात संध्याकाळी टाकी भरावी आणि फिल्टरखालचा नट उघडून पाणी सोडावे. रेडिएटरमध्ये मात्र आपल्या बोअरचे जड पाणी घालू नये. आत क्षाराचा थर बसतो आणि एंजिन तापते.

आता ज्यांच्या हातून हे सगळे व्हायचे त्यांच्याकडे येतो. रस्त्याकडेच्या गॅरेजात तीन-चार माणसे असतात. त्यांतला वेल्डिंग करणारा पोरगा काळी काच न वापरता काम करतो आणि रात्री डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून निजतो. सांगाड्याला जोड देताना कुजलेल्या भागावरच पट्टी चिकटविणे स्वस्त पडते, म्हणून मालक तेच मागतो. खरे काम असे : धडधाकट लोखंड लागेपर्यंत कापायचे, तेवढ्याच जाडीची पट्टी घ्यायची, आणि तिची टोके आडवी सरळ न ठेवता शंकरपाळ्यासारखी तिरपी करायची, नाहीतर जोडाच्या रेषेतच सांगाडा पुन्हा तुटतो. आधी बॅटरीची तार सोडायची, डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवायची. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा घातक, कारण तिच्यात वाफ असते. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कोणी खाली जायचे नाही, खाली घोडी लावल्याशिवाय नाही. हे सारे मिस्त्रीला माहीत असते. त्याला वेळ आणि मोल कोणी देत नाही.

१९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस. पण तो ज्या धंद्यात पाच किंवा अधिक कामगार आहेत त्यांनाच लागू केला. एका जीपच्या मालकाचा एकटा चालक त्यात बसला नाही, आणि तीन पोरांचे गॅरेजही त्यात बसले नाही. चालकाची मजुरी फेऱ्यांवर. गाडी दुरुस्तीला उभी राहिली की त्याची चूल विझते. मग ब्रेक मऊ लागतो हे त्यालाच आधी कळते आणि तोच गप्प बसतो. आम्ही मालकांकडे मागतो ती मागणी एवढीच : महिन्यातला एक दिवस गाडी दुरुस्तीसाठी उभी, आणि त्या दिवसाची मजुरी चालू. काही मालकांनी ती मानली. एकाने मला ऐकवले, 'गाडी माझी, गंज माझा, तुम्हाला काय?' मी म्हटले, गंज तुमचा खरा, पण बसणारी सोळा माणसे तुमची नाहीत. त्याने अजून मानलेली नाही.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली. खाजगी मालकाला मात्र तपासणी करून नोंदणी पुढे पाच-पाच वर्षे वाढवून घेता येते. वय हे एकच माप धरावे असे मला वाटत नाही. मी चाळीस वर्षांचा खणखणीत सांगाडा पाहिला आहे आणि बारा वर्षांचा पापडही. पण जो सांगाडा दोन जागी टोच्याला आत घेतो तो भंगारात जावा, मग मालकाला कितीही हळहळ वाटो.

मृग लागायला आता थोडे आठवडे उरले आहेत. रंगकामाला हेच दिवस चांगले. हवा कोरडी असते. फक्त दुपारी तापलेल्या पत्र्यावर रंग लावू नका, त्याला फोड येतात. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर लावा. आधी ब्रेकच्या नळ्या, मग सांगाडा, मग टाकीचे पाणी, आणि बाहेरचा रंग पैसे उरले तर. ज्यांना हातोडीने वाजवून पाहायचे असेल त्यांनी आपली गाडी घेऊन यावे. मी आणि दोन मिस्त्री उद्या सकाळी नऊपर्यंत बसस्थानकामागे आहोत.