हमीदचा चिमटा आणि श्यामची आई

मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकांना लिहावंसं का वाटतं, या विषयावर आज आपल्याशी थोडं बोलायचं आहे. बालसाहित्यिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हसतमुख आजोबा उभे राहतात. खिशात गोळ्या, ओठांवर गाणं. असे लेखक आहेतच. पण मी आज दोन वेगळ्या माणसांविषयी सांगणार आहे. एक कोकणातल्या पालगडचा, दुसरा काशीजवळच्या लमही गावचा. म्हणजे साने गुरुजी आणि मुन्शी प्रेमचंद.

या दोघांना मी एका दावणीला का बांधतो? कारण आहे १९३३ हे साल. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहायला घेतली आणि तिचा बहुतेक भाग अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. त्याच वर्षी प्रेमचंदांची 'ईदगाह' ही गोष्ट प्रसिद्ध झाली. दोन्हींमध्ये एक गरीब घर आहे, एक लहान मुलगा आहे आणि त्याच्यावर जीव टाकणारी एक बाई आहे.

हा योगायोग वरवरचा नाही. गुरुजींची आई १९१७ साली गेली, तेव्हा ते शिक्षणासाठी घरापासून लांब होते. शेवटच्या घटकेला आईजवळ असणं त्यांच्या नशिबात नव्हतं. प्रेमचंद, म्हणजे तेव्हाचा धनपत, सात-आठ वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. पुढे आजीनं सांभाळलं, पण तीही फार काळ राहिली नाही. 'ईदगाह'मधला हमीद बघा. आई-बाप दोघंही नाहीत. आहे ती फक्त म्हातारी आजी, अमीना. लहानपणी जी सावली लवकर हरवली, तीच लेखकानं मोठेपणी कागदावर पुन्हा उभी केली, असं मला वाटतं.

दोघांमध्ये आणखीही साम्य आहे. दोघे शिक्षक होते. गोरखपूरला गांधीजींचं भाषण ऐकून प्रेमचंदांनी १९२१ मध्ये सरकारी नोकरी सोडली. गुरुजींनी १९३० मध्ये अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडली आणि ते सत्याग्रहात उतरले. अमळनेरच्या छात्रालयात ते मुलांच्या खोल्या झाडत, त्यांचे कपडे धूत. मूल म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आता थोडं स्वतःविषयी. मी मराठी शाळेत शिकलो. घरात बोली दखनी, गल्लीत मराठी. पाठ्यपुस्तकात दिवाळी होती, पोळा होता, आणि ते सगळं मला माझंच वाटायचं. पोळ्याला शेजारच्या बैलांची शिंगं रंगवायला मी पहिला हजर असे. पण आमच्या घरासारखं घर पुस्तकात कुठं दिसायचं नाही. मग एके दिवशी हिंदीच्या सरांनी 'ईदगाह' वाचून दाखवली. खिशात तीन पैसे घेऊन जत्रेला निघालेला हमीद. बरोबरची मुलं खेळणी घेतात, मिठाई खातात. हमीद मात्र घासाघीस करून लोखंडी चिमटा घेतो, कारण भाकरी भाजताना आजीची बोटं पोळतात. आमच्या घरी दादी चुलीवर भाकरी टाकायची. तिची बोटं मला आठवली. वर्गातल्या इतर मुलांनाही आपापली आजी आठवली असणार, कारण त्या दिवशी वर्ग अगदी गप्प होता. हमीद कोणत्या धर्माचा, हे कुणी विचारलं नाही.

'श्यामची आई' मी त्यानंतर वाचली. अंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो. आई दगडावर आपलं ओचं पसरते आणि सांगते, पायांना जपतोस तसं मनालाही जप. आमच्या घरी नमाजाआधी वजू करताना अम्मा जवळपास हेच सांगायची. शब्द वेगळे, अर्थ तोच. तेव्हापासून श्यामची आई मला परकी वाटली नाही.

हे सांगण्याचं कारण असं. मी मुलांसाठी कविता लिहितो. एका मासिकाच्या संपादकांचा मला दर वर्षी रमजानच्या सुमारास निरोप यायचा, "ईदवर एखादी कविता पाठवा." पावसावर, बैलावर, गणिताच्या तासावर लिहिलेलं पाठवलं की उत्तर नसायचं. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या मनात माझ्यासाठी एकच खिडकी होती. ज्यानं त्यानं आपापल्या लोकांवर लिहावं, असा विचार आता अनेकांना रास्त वाटतो. मला तो मुलांच्या दृष्टीनं घातक वाटतो.

लहानपणी मौलवींकडे उर्दू-फारसी शिकलेल्या प्रेमचंदांनी हमीद लिहिला, 'कर्बला' हे नाटकही लिहिलं. ज्या गुरुजींनी श्यामची आई लिहिली, त्यांनीच 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तक लिहिलं. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचं दार हरिजनांना उघडावं म्हणून १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केलं. ज्याला दुसऱ्याच्या घरातली आई ओळखता येते, त्यालाच मुलांसाठी लिहिण्याचा खरा अधिकार आहे.

'श्यामची आई' रडकी आहे, अशी टीका होते. मुलांना हसवावं, हे मलाही मान्य आहे. पण मूल रडतं ते दुबळं म्हणून नव्हे, तर त्याला दुसऱ्याचं दुःख कळतं म्हणून. ते कळणं शाळेच्या कुठल्याही परीक्षेत मोजलं जात नाही. ते गोष्टीतूनच येतं.

आज घराघरात मोबाइल आहे, गोष्टीही त्यावरच ऐकू येतात. त्याला माझी हरकत नाही. फक्त एक विनंती आहे. येत्या आठवड्यात एखाद्या रात्री ही दोन्ही पुस्तकं जवळ घ्या आणि घरातल्या मुलांना स्वतःच्या आवाजात वाचून दाखवा. हमीद वाचताना मध्येच थांबू नका. आणि मुलानं विचारलं, हमीदची आजी का रडली, तर लगेच उत्तर देऊ नका. त्याला जरा विचार करू द्या.