दुष्काळांतील पाणी व त्याची शुद्धि



समितीच्या निधीस धान्य, चारा व टँकर देणाऱ्या आपणां उदार मंडळीसमोर आज आम्ही पाण्याविषयीं थोडें बोलणार आहों. पाणी किती पोंचलें, याचा हिशेब आपण नेहमीं मागतां, व तो मागणें रास्तच आहे. परंतु तें कसें होतें, हें सहसा विचारलें जात नाहीं.

समुद्राच्या खाऱ्या पाण्यांतून सूर्य केवळ वाफ उचलतो. मीठ व मळ खालींच राहतो. ती वाफ नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर सह्याद्रीस येऊन थडकते, वर चढतांना थंड होते व पाऊस होऊन कोसळते. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस माणदेशांत उतरावें, तों त्याचा जेमतेम दहावा हिस्सा! हें चक्र पाण्याला धुऊन काढतें खरें, पण तें आकाशांत. जमिनीस लागतांच तें पाणी गोठ्यांची, गटारांची व उघड्यावरच्या मळाची घाण घेऊन विहिरीकडे व नदीकडे चालूं लागतें.

विहिरींचे तळ दिसूं लागले, कीं सारें गांव एकाच पाणवठ्यावर लोटतें. तेथेंच गुरें पाणी पितात, तेथेंच धुणीं होतात. घाण पूर्वीइतकीच, पाणी मात्र थोडकें. १९०० सालच्या दुष्काळांत मुंबई इलाख्यांतील दुष्काळी कामांवर पटकी पसरली व भुकेपासून वाचविलेलीं माणसें पाण्यानें दगावलीं.

नदीच्या कोरड्या पात्रांत झरा उकरून वाटीवाटीनें घागर भरणाऱ्या आमच्या भगिनींना वाळूचा गुण पूर्वापार ठाऊक आहे. तो गुण न जुमानल्याचें फळ काय, हें जर्मनींतील हॅम्बुर्ग शहरानें १८९२ सालीं भोगलें. हॅम्बुर्ग हें व्यापाऱ्यांचें श्रीमंत नगर. वाळूचीं गाळणीं बांधण्याचा विचार तेथें वर्षानुवर्षें चालला होता व खर्चाच्या घासाघिशींत रेंगाळला होता. एल्ब नदीचें पाणी न गाळतांच घरोघर जात असे. त्या वर्षीं पटकी आली व कांहीं आठवड्यांत आठ हजारांवर माणसें मेलीं. लगतचें आल्टोना गांव त्याच नदीचें, तेंहि हॅम्बुर्गचें सांडपाणी मिसळल्यानंतरचें पाणी घेत असे. पण तें वाळूंतून गाळून. तें गांव बव्हंशीं बचावलें. दोन्ही शहरांची हद्द एका रस्त्यावरून जात होती. एका बाजूस साथ, दुसऱ्या बाजूस जवळजवळ कांहीं नाहीं. हॅम्बुर्गच्या बंदराचा व्यापार थंडावला, तें नुकसान निराळेंच. पुढल्याच वर्षीं गाळणीं सुरू झालीं. गाळण्याच्या खर्चाहून न गाळण्याचा खर्च किती मोठा, हा हिशेब आपल्यासारख्या व्यवहारी मंडळीस आम्हीं काय समजावून सांगावा!

आज शहरांत हेंच काम टप्प्याटप्प्यानें होतें. पाण्यांत तुरटी घालून ढवळतात. तिच्यायोगें तरंगणारे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून जड होतात व तळाशीं बसतात. निवळलेलें पाणी वाळूच्या थरांतून जातें. इतकें करूनहि डोळ्यांस न दिसणारे जंतु उरतात. ते क्लोरीननें मारावे लागतात, व त्यास अर्धा तास तरी द्यावा लागतो. शिवाय नळाच्या शेवटच्या टोकाशींहि दर लिटरास किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावें लागतें, कारण पाणी वाटेंतहि नासतें.

२०१६ सालीं लातुरास पाणी उरलें नाहीं, तेव्हां मिरजेहून रेल्वेनें पाणी नेण्यांत आलें. एप्रिलांतील पहिल्या गाडीनें पांच लाख लिटर नेलें व तिची देशभर वाहवा झाली. त्या वाघिणी राजस्थानांतील कोटा येथें आधीं वाफेनें धुऊन घेतल्या होत्या, हें मात्र थोड्यांच्याच लक्षांत राहिलें.

खेड्याकडे जाणाऱ्या टँकराची गोष्ट याहून नाजूक आहे. तेथें ना गाळणें, ना देखरेख. जें काय करावयाचें, तें त्या टाकींतच. दहा हजार लिटर निवळ पाण्यास सुमारें पन्नास ग्रॅम चांगली टीसीएल पावडर पुरते. पाणी गढूळ असल्यास आधीं तुरटीनें निवळावें, नाहींतर पावडर मळांतच खर्ची पडते. नंतर नमुन्यांत ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाहावें. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, न आला तर तो टँकर वांटूं नये. त्या पाण्यास वास येतो, अशी कुरकूर होते. उघडें ठेवल्यानें तो बराचसा जातो, हें समजावण्यास गांवांत माणूस लागतो.

टँकरावर दात्याचें नांव रंगवितां येतें, पावडरीवर येत नाहीं. म्हणूनच कीं काय, या कामासाठीं देणगी क्वचितच येते. तरी आमची विनंती अशी, कीं टँकर देणाऱ्या प्रत्येक गृहस्थानें त्याच्या संपूर्ण मुदतीची पावडर, तुरटी, तपासणीचें साहित्य व एका तपासनिसाचें वेतन हीं त्याच देणगींत धरावीं. वस्तुरूपानें देणाऱ्यांनीं पावडर ताजी व हवाबंद पिंपांतील द्यावी; उन्हानें व दमटपणानें तिचा जोर जातो, व गतवर्षीचा उरलेला माल स्वस्त मिळाला तरी तो आम्हांस उपयोगी नाहीं.