आराखडा अद्ययावत हवा
(राळेगणसिद्धी येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



१९७५ मध्ये श्री. अण्णा हजारे गावी परतले. यादवबाबा मंदिराच्या जीर्णोद्धारापासून सुरू झालेले कार्य पाझर तलाव, नालाबांध व समतल चरांपर्यंत पोहोचले. अवर्षणप्रवण पारनेर तालुक्यात श्रमदानाने उभी राहिलेली ही जलव्यवस्था म्हणजे गावाची सर्वांत मोठी वास्तूच होय.

वास्तू उभी राहिली की तिचा नकाशा कपाटात जातो. पुढे भिंतीला तडा जातो, छताला ओल येते. नकाशा मात्र जुनाच राहतो. यावर उपाय म्हणून मोठ्या इमारतींचा व पुलांचा आराखडा आता संगणकावर ठेवला जातो. तडा रुंदावला, खांब कलला, की तेथे बसविलेले संवेदक, म्हणजेच सेन्सर, ती नोंद आराखड्याकडे धाडतात.

पाण्याबाबतही हे शक्य आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ठरावीक महिन्यांत मोजत आली आहे. स्वयंचलित मापक हेच काम तासातासाला करू शकतो. पाण्यात सोडलेल्या संवेदकावर पडणाऱ्या दाबातून हवेचा दाब वजा केला की वरच्या पाण्याची उंची कळते. त्यामुळे उन्हाळी पिकांचा निर्णय घेताना ग्रामसभेपुढे मागील मोजणीचा नव्हे, तर त्या दिवशीचा आकडा असतो.

परंतु यंत्रालाही मर्यादा आहेत. पातळी घसरल्याचे संवेदक सांगेल; शेजारी नवी कूपनलिका खोदली गेली, हे सांगणार नाही. शाळेच्या भिंतीतील ओल तो दाखवील. मागे बांधलेली नवी खोली त्याला दिसणार नाही. गाळात रुतलेला संवेदक तर चुकीचा आकडाही बिनदिक्कत देत राहतो. त्या आकड्यावर विसंबून पेरणी केली, तर उभे पीक वाळते आणि पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते.

म्हणून ग्रामपंचायतीने या कामी एक जबाबदार व्यक्ती नेमावी. तिने दरमहा टेपने पातळी मोजून यंत्राचा पडताळा घ्यावा व प्रत्येक नव्या बांधकामाची, कूपनलिकेची नोंद तत्काळ आराखड्यात करावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून पर्जन्यमापकाची दैनंदिन नोंद ठेवून घ्यावी व ती फलकावर लावावी.

श्रमदानाने जे उभारले, ते खऱ्या नोंदीनेच टिकेल. ही नोंद ठेवणे हेही श्रमदानच आहे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!