मैदानात दहाच माणसं: नंबर दोनचा माणूस नंबर एक होतो तेव्हा

लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर कांदा चिरत असाल, आवाज थोडा वाढवा. आज फुटबॉलवर बोलायचंय. कोल्हापूरकरांनो, लगेच खूश होऊ नका, तुमचा फुटबॉल नाही. तो अमेरिकेतला, हेल्मेटवाला, अंड्याच्या आकाराच्या चेंडूचा. माझा कॉलेजचा रूममेट एमएस करायला ओहायोत गेला आणि मला हे व्यसन लावून मोकळा झाला.

हा विषय आजच का, ते शेवटी सांगतो. आधी गोष्ट ऐका.

२४ सप्टेंबर २०२३, रविवार. आपल्याकडे पहाटे पाचला सामना सुरू झाला: नोट्र डेम विरुद्ध ओहायो स्टेट, नोट्र डेमच्या घरच्या मैदानावर. साडेआठच्या सुमारास माझा चहा गार झालेला आणि स्कोअर १४-१०, नोट्र डेम पुढे. सात सेकंद उरलीत. चेंडू एण्ड झोनपासून फक्त एक यार्डावर. ओहायो स्टेटला अजून दोन प्रयत्न मिळू शकतात. पहिला पास वाया गेला. दुसऱ्या वेळी धावणारा पोरगा आत घुसला. एक सेकंद शिल्लक, १७-१४, खेळ खलास.

मग रिप्लेमध्ये लोकांनी मोजलं. या खेळात बचावाला अकरा जण लागतात. त्या शेवटच्या दोन्ही प्रयत्नांना नोट्र डेमचे दहाच होते.

दहा! एवढं मोठं विद्यापीठ, कोचिंगवर एवढा खर्च, आणि अकरापर्यंत मोजता आलं नाही. पण ज्या माणसावर याची जबाबदारी होती, तो मार्कस फ्रीमन, मुळात बचावाचाच तज्ज्ञ. म्हणून हा प्रसंग मला एवढा रुतला.

थोडं मागे जाऊ. हेड कोचच्या हाताखाली दोन मोठे लोक असतात. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर आक्रमण बघतो, डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर बचाव. दोन चालींमध्ये घड्याळ जेमतेम ४० सेकंदांचं. तेवढ्यात समोरची मांडणी वाचायची, आपली चाल निवडायची आणि खेळाडूंपर्यंत पोचवायची. हे ज्याला जमतं तो भारी माणूस असतो, वादच नाही. आणि असा कोणी दोन-तीन सीझन गाजवले की चर्चा सुरू होते, हा हेड कोच व्हायला तयार आहे का?

फ्रीमन आधी सिनसिनाटीला चार वर्षं डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता. २०२१ मध्ये त्याच पदावर नोट्र डेमला आला. एकच सीझन झाला आणि हेड कोच ब्रायन केली एलएसयूला निघून गेला. डिसेंबरमध्ये फ्रीमनला खुर्ची मिळाली, वय ३५, आणि आयुष्यात एकदाही हेड कोच झालेला नाही. खेळाडूंनी त्याला उचलून जल्लोष केला, तो व्हिडिओ तुफान व्हायरल झाला.

आणि पुढे? पहिला सामना फिएस्टा बोल. २८-७ अशी आघाडी, तरी ३७-३५ ने हरले. मग ओहायो स्टेटकडून हरले. मग घरच्या मैदानावर मार्शलसारख्या लहान कॉलेजकडून हरले. पहिले तीनही सामने हरलेला नोट्र डेमचा पहिलाच हेड कोच.

शंका घेणाऱ्यांकडे इतिहासही होता. १९९७ मध्ये नोट्र डेमने आपल्याच डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला, बॉब डेव्हीला, वर चढवलं. पाच सीझन, ३५ विजय, २५ पराभव, घरी. २००५ मध्ये चार्ली वाइस आला, व्यावसायिक लीगमध्ये पेट्रियट्सबरोबर तीन सुपर बोल जिंकलेला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. यापेक्षा चांगला बायोडेटा कुठून आणणार? पाच सीझन, ३५ विजय, २७ पराभव, घरी. दोघांचं आपापलं ज्ञान कच्चं नव्हतं. नवं काम वेगळं होतं.

कारण हेड कोच झाल्यावर चाली आखणं हा कामाचा एक तुकडा उरतो. अठरा वर्षांच्या पोरांच्या घरी जाऊन आईवडिलांना पटवायचं. ट्रान्सफर पोर्टलमुळे कोण सोडून जाईल याचा भरवसा नाही, त्यात आता खेळाडूंना पैसे मिळतात, तोही हिशोब. टाइमआउट कधी घ्यायचा, चौथ्या डाउनला धोका पत्करायचा का, कोणाला कामावर घ्यायचं, कोणाला काढायचं. आणि मैदानात किती माणसं आहेत हे बघणारा माणूस नेमायचा.

त्या दहाच्या प्रसंगानंतर फ्रीमनने सांगितलं की टाइमआउट शिल्लक नव्हते, आणि आयत्या वेळी अकरावा पळत आला असता तर दंड होईल म्हणून त्याला थांबवलं. आता आपण इंजिनियर, हिशोब करून बघू. चेंडू एक यार्डावर असताना दंड किती? उरलेल्या अंतराच्या निम्मा, म्हणजे अर्धा यार्ड. त्यापेक्षा अकरावा माणूस परवडला असता! पण हे मी सोफ्यावर बसून बोलतोय. एक लाख डोळे ज्याच्याकडे नाहीत त्याला गणित सोपं जातं.

तालीम करून घेतली तर कळेल का? मिशिगनचं उदाहरण बघा. २०२३ मध्ये जिम हार्बॉ निलंबित असताना ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर शेरॉन मूरने नियमित सीझनचे शेवटचे तीन सामने सांभाळले, त्यात पेन स्टेट आणि ओहायो स्टेट. तिन्ही जिंकले. याहून कडक परीक्षा नाही. पुढच्या वर्षी तो कायमचा हेड कोच झाला आणि संघ ८-५. कारण हार्बॉ गेला, बरेच खेळाडू व्यावसायिक लीगमध्ये गेले. दुसऱ्याने बांधलेल्या घरात तीन आठवडे राहणं वेगळं, पाया खणणं वेगळं. उलट कर्बी स्मार्ट, अलाबामाचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, २०१६ मध्ये जॉर्जियाला गेला. त्याचंही पहिलं वर्ष ८-५ च, आणि पुढे लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं. पहिल्या वर्षाचा आकडा अगदी सारखा. त्यावरून तुम्ही काय ओळखणार?

माझं मत विचाराल तर फ्रीमनचा सगळ्यात चांगला निर्णय मैदानाबाहेरचा. स्वतःच्या जुन्या खुर्चीवर त्याने अल गोल्डनला आणलं. गोल्डन आधी टेम्पल आणि मायामीचा हेड कोच होता, म्हणजे बॉसपेक्षा त्या कामाचा अनुभव जास्त! असुरक्षित माणूस असं करत नाही. आपल्याकडे तर हमखास स्वतःपेक्षा थोडा कमी माणूस शोधतात.

आणि त्याला वेळ मिळाला. सगळ्यांना मिळतो असं नाही. नोट्र डेमचा पहिला कृष्णवर्णीय हेड कोच टायरोन विलिंगहॅम याला तीन सीझनमध्ये काढलं होतं. डेव्ही आणि वाइसला पाच-पाच मिळाले. तयार आहे का, हे विचारताना किती दिवसांत तयार व्हायचंय हेही विचारायला हवं.

२०२४ मध्ये पुन्हा आपटले, घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयकडून १६-१४. मीसुद्धा रूममेटला मेसेज केला की संपला हा माणूस. त्यानंतर सलग तेरा विजय. जानेवारीत शुगर बोलमध्ये जॉर्जियाविरुद्ध, शेवटच्या क्वार्टरमध्ये, आघाडी असताना, चौथा डाउन आणि स्वतःच्याच १८ यार्डांवर. पंट करायला अकरा जण आले. अचानक ते सगळे बाहेर पळाले आणि आक्रमणाचे अकरा आत. गोंधळात जॉर्जियाचा गडी ऑफसाइड गेला आणि नोट्र डेमला फर्स्ट डाउन फुकट. २३-१० ने जिंकले. सव्वा वर्षापूर्वी एक माणूस आत पाठवता आला नव्हता! अंतिम सामना मात्र ओहायो स्टेटकडूनच हरले, ३४-२३. तिथवर पोचलेला फ्रीमन पहिला कृष्णवर्णीय हेड कोच होता.

आता माझं. सहा महिने मी टीमचा तात्पुरता लीड आहे. मार्चमध्ये एका रात्री पेमेंटचा भाग बंद पडला. मी काय केलं? लॅपटॉप ओढला आणि स्वतः क्वेरी शोधत बसलो. दीड तासात सापडली, छाती फुगली. सकाळी कळलं की त्या दीड तासात क्लायंटला कोणीही काही कळवलं नव्हतं, आणि दोन ज्युनियर वाट बघत बसले होते की सांगेल काहीतरी हा. माझ्या मैदानात दहाच माणसं होती, आणि मोजायचं काम माझं होतं.

आता मॅनेजर म्हणतायत, पद कायम करून घे, शुक्रवारपर्यंत सांग. घरी बाबा म्हणतात, विचार कसला करतोस, पगार वाढतोय ना? मला भीती पगाराची नाही. कोड हातातून गेला तर मला नक्की काय येतं, ही आहे.

काल मी टीममधल्या ज्युनियरला विचारलं, रात्रीचा ऑन-कॉल आणि पेमेंटचं मॉड्यूल तू पूर्ण घेशील का? मी मध्ये बोट घालणार नाही. मला वाटलं घाबरेल. ती म्हणाली, "कधीपासून हेच म्हणणार होते रे. फक्त त्या रात्रीसारखा माझा कीबोर्ड ओढून घेऊ नकोस."

शुक्रवारी मी हो म्हणणार आहे.