निर्वात सागर

(मंडळाच्या परभणी येथील वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



समुद्रापासून इतक्या दूर परभणीत शिडाच्या नौकेविषयी बोलणे धाडसाचेच. परंतु मळणीयंत्रे येण्यापूर्वी खळ्यात तिवईवर उभे राहून उपणणीसाठी वाऱ्याची वाट पाहिलेले वडीलधारे या सभेत आहेत. त्यांना माझे म्हणणे चटकन उमगेल.

नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी यांचा पाठीचा कणा २०१८ च्या शर्यतीत वादळाने मोडला. तरीही ४ सप्टेंबर २०२२ रोजी ते फ्रान्सहून पुन्हा एकटेच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. वादळाची भीती कोणासही कळते. विषुववृत्तानजीकच्या निर्वात पट्ट्याचा जाच मात्र निराळा. तेथे तापलेली हवा वर चढते, आडवा वारा उरत नाही. लाटा तर थांबत नाहीत. रिकामे शीड हेलकाव्यांनी आपटून आपटून झिजते. अशा वेळी हलके शीड चढवावे, काळ्या ढगाखालची झुळूक साधावी, त्याच ढगाचे पाणी पिण्यास भरून घ्यावे. झुळूक रात्री आली तर झोप सोडावी.

टॉमी २३६ दिवसांनी, २९ एप्रिल २०२३ रोजी, दुसरे आले. प्रथम आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर २७ एप्रिलच्या रात्री पोहोचल्या होत्या.