माजी सैनिक आणि वयाची वजाबाकी

महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीची जाहिरात म्हणजे रकान्यांचे भलेमोठे जाळे. एका बाजूला सामाजिक प्रवर्ग आणि दुसऱ्या बाजूला समांतर आरक्षणाची रांग. त्या रांगेत महिलांसाठी ३० टक्के जागा असतात, खेळाडूंसाठी ५, प्रकल्पग्रस्तांसाठी ५, भूकंपग्रस्तांसाठी २. त्यांच्याच शेजारी एक रकाना माजी सैनिकांचा. गट क आणि गट ड मधल्या पदांसाठी, म्हणजे तलाठी, लिपिक, पोलीस शिपाई, शिपाई अशा नोकऱ्यांमध्ये, राज्यात त्यांना १५ टक्के आरक्षण आहे. केंद्र सरकारच्या गट क मध्ये हे प्रमाण १० टक्के आणि जुन्या गट ड मध्ये २० टक्के ठरवलेले आहे. राष्ट्रीयीकृत बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत ते गट क मध्ये साडेचौदा आणि गट ड मध्ये साडेचोवीस टक्के आहे. त्यातले साडेचार टक्के अपंगत्व आलेले सैनिक आणि शहिदांचे कुटुंबीय यांच्यासाठी.

या रकान्यावरून गावच्या पारावर आणि शहरातल्या अभ्यासिकेत वाद होतो तो ठरलेल्या चाकोरीतून. एक म्हणतो, ज्याने सीमेवर उमेदीची वर्षे घालवली त्याला नोकरी दिलीच पाहिजे. दुसरा विचारतो, पेन्शन आहे, कँटीनचे कार्ड आहे, वर पुन्हा सरकारी पगार कशाला? चोविशीतला बेकार पोरगा काय करणार? दोघेही या आरक्षणाला बक्षीस समजतात. एकाला ते रास्त वाटते, दुसऱ्याला जास्तीचे. मात्र हे नियम नीट वाचले, तर त्यांत बक्षिसापेक्षा हिशेब अधिक दिसतो.

राज्य शासनाचा कारकून साधारणपणे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, केंद्राचा साठाव्या. फौजेतला जवान मात्र पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान घरी येतो. काम जमत नाही म्हणून त्याला कोणी काढत नाही. सियाचिनसारख्या ठिकाणी पहारा द्यायला तरुण शरीर लागते, म्हणून सैन्य आपले सरासरी वय मुद्दाम कमी राखते. जवानाला पेन्शन लागू होण्यासाठी १५ वर्षांची नोकरी पुरते, तीही याच गणितातून. दरवर्षी सुमारे ६० हजार सैनिक असे बाहेर पडतात. घरी मुलगी सातवी-आठवीत असते, बांधकामाचे कर्ज निम्मे फिटलेले असते, आईवडील थकलेले असतात. बरोबरीचा वर्गमित्र त्या वयात कचेरीतल्या पहिल्या बढतीची वाट पाहत असतो. फौजीला मात्र त्याच वयात पहिल्यापासून अर्ज भरायचा असतो.

केंद्राचे १९७९ चे पुनर्नियुक्तीचे नियम या अडचणीवर साध्या वजाबाकीने तोड काढतात. उमेदवाराच्या वयातून त्याची लष्करी सेवा वजा करायची आणि जे उरेल ते वयोमर्यादेपेक्षा तीन वर्षांहून जास्त नसले, की तो पात्र. एकोणिसाव्या वर्षी भरती होऊन सतरा वर्षे नोकरी केलेला छत्तीस वर्षांचा जवान नियमाच्या दृष्टीने पुन्हा एकोणीस वर्षांचा होतो. राज्याचा नियमही साधारण याच धर्तीचा आहे. दहावी झालेल्या आणि १५ वर्षे सेवा केलेल्या सैनिकाला गट क मधल्या बिगरतांत्रिक पदांपुरते पदवीधराच्या बरोबरीचे मानण्याची तरतूदही केंद्राच्या नियमांत आहे. सरकारने जी वर्षे आपल्या गरजेसाठी वापरून घेतली, ती नोकरीच्या बाजारात त्याच्या विरोधात मोजली जाऊ नयेत, एवढाच या सगळ्याचा अर्थ.

लष्करातून बाहेर पडून सरकारी कचेरीत जाण्याची ही वाट महाराष्ट्राला फार जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ फौजेतून पेन्शनीत निघाले तेव्हा कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. पुढे खटाव तालुक्यातल्या गोरेगाव येथे दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, तिथे रामजी खजिनदार होते. त्यांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली आणि पुढच्या बैलगाडीच्या प्रवासात अस्पृश्य म्हणून त्यांच्या वाट्याला जे आले, ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. फौजेने रामजींना शिक्षण दिले होते, त्यांनी लष्करी शाळेत शिकवलेही होते. हिशेबाचे काम त्यांच्याकडे येणे त्यामुळे स्वाभाविक होते. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात रामजींच्या महार समाजाची लष्करभरती बंद झाली, तेव्हा शिपाईगिरीबरोबर बरेच काही हातून गेले. लष्करातले पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला, त्यामागे हीच जाण होती. भरतीचे दार मिटले की शाळेचे आणि पुढे कचेरीचेही दार मिटत होते.

पश्चिम महाराष्ट्रात या वाटेवर गावेच्या गावे उभी राहिली. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर 'मिलिटरी' हे बिरुद नावातच घेऊन आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. अशा गावांत पोरगा फौजेत जातो तेव्हा पगार आणि पेन्शन यांच्या जोडीने सुटून आल्यावरच्या दुसऱ्या नोकरीचाही विचार घरात झालेला असतो.

या दुसऱ्या नोकरीबद्दल दिलेला शब्द सरकार फिरवू लागले तर काय होते, याचे उदाहरण पंजाब-हरियाणात घडले. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले आणि देशात आणीबाणी जाहीर झाली. तरुणांनी फौजेत यावे म्हणून पंजाब सरकारने १९६५ मध्ये सवलतींचे नियम केले. आणीबाणीच्या काळातली लष्करी सेवा पुढच्या सरकारी नोकरीत ज्येष्ठता, वेतनवाढ आणि पेन्शन यांसाठी धरली जाणार होती. धोका टळला, वर्षे गेली आणि १९७६ मध्ये हरियाणा सरकारने पूर्वलक्षी प्रभावाने ही सवलत आखडती घेतली. माजी कॅप्टन के. सी. अरोरा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो बदल रद्द केला. मिळालेला हक्क मागच्या तारखेने काढून घेता येणार नाही, असा तो निकाल होता.

आता गुणवत्तेचा आक्षेप. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याला जास्त गुण पडले त्याला डावलून कमी गुणांचा उमेदवार घेतला, तर घरी बसलेल्याला ते लागणारच. मात्र सैनिकांचे आरक्षण सामाजिक आरक्षणाच्या डोक्यावर बसत नाही. इंद्रा साहनी खटल्याच्या १९९२ च्या निकालाने उभे आणि आडवे आरक्षण हा फरक स्पष्ट केला. माजी सैनिकांचे आरक्षण आडवे, म्हणजे समांतर आहे. इतर मागासवर्गातला माजी सैनिक इतर मागासवर्गाच्याच जागेवर मोजला जातो, खुल्या प्रवर्गातला खुल्या जागेवर. शिवाय केंद्रात हा लाभ सर्वसाधारणपणे एकदाच मिळतो. सैनिक हा लाभ घेऊन मुलकी नोकरीत रुजू झाला की पुढच्या अर्जात त्याला माजी सैनिक म्हणून आरक्षण मागता येत नाही. आणि पात्र सैनिक मिळाला नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराकडे जाते, पुढच्या वर्षासाठी राखून ठेवली जात नाही.

मर्यादा नसलेले प्राधान्य कुठवर जाऊ शकते, हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने दाखवले. तिथल्या जुन्या कायद्यानुसार परीक्षा उत्तीर्ण झालेला माजी सैनिक यादीत थेट वर जायचा, आणि हा हक्क त्याला जन्मभर होता. हेलन फीनी या राज्य सरकारच्या सेवेत असलेल्या बाईंनी १९७१ मध्ये एका पदाच्या परीक्षेत दुसऱ्या क्रमांकाचे गुण मिळवले. यादी लागली तेव्हा पाच पुरुष सैनिक त्यांच्या पुढे गेले होते आणि त्या सहाव्या होत्या. राज्यातल्या माजी सैनिकांत ९८ टक्क्यांहून अधिक पुरुष होते. १९७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल राज्याच्या बाजूने दिला, कारण कायद्याचा हेतू स्त्रियांना वगळण्याचा नव्हता. निकाल काहीही असो, बाईंची जागा गेली ती गेलीच. भारतातही जवानांच्या पातळीवर स्त्रियांची भरती लष्करी पोलीस दलातून नुकतीच, २०१९ च्या सुमारास सुरू झाली. म्हणजे माजी सैनिकांचा रकाना आजही जवळजवळ संपूर्ण पुरुषांचा आहे. टक्केवारीची मर्यादा, एकदाच मिळणारा लाभ आणि शेजारीच महिलांचा ३० टक्क्यांचा रकाना, या तीन गोष्टींमुळे आपल्याकडची व्यवस्था मॅसॅच्युसेट्सपेक्षा अधिक तोलाची ठरते.

मग तंटा उरतो कुठे? तो आकड्यांत आहे. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाकडे जून २०२१ अखेर माहिती पाठवणाऱ्या केंद्रीय खात्यांत गट क मधल्या कर्मचाऱ्यांपैकी माजी सैनिक होते १.२९ टक्के. आरक्षण १० टक्क्यांचे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत, जिथे फौजीचा अनुभव सर्वांत जवळचा, तिथे गट क मध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी निघाले. आरक्षण फक्त सरळसेवा भरतीला लागू असते आणि हे आकडे एकूण कर्मचाऱ्यांचे आहेत, हे ध्यानात घेतले तरी दरी मोठी आहे. अपवाद सरकारी बँकांचा. तिथे गट क मध्ये ९ टक्क्यांच्या आसपास आणि गट ड मध्ये २१ टक्क्यांहून अधिक माजी सैनिक आढळले. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहणारा गार्ड बहुधा माजी सैनिकच असतो.

सशस्त्र पोलीस दलांकडे फौजी का वळत नाहीत, हे कळायला अवघड नाही. इतकी वर्षे बिऱ्हाडापासून लांब काढलेला माणूस पुन्हा छत्तीसगडच्या जंगलात किंवा सीमेवरच्या चौकीत जायला सहजी तयार होत नाही. त्याला जिल्ह्यातली नोकरी हवी असते. तिथे त्याची गाठ पडते लेखी परीक्षेशी. पोलीस शिपाई भरतीच्या पेपरात अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, चालू घडामोडी आणि मराठी व्याकरण असते. सतरा वर्षे बराकीत हिंदी बोललेल्या हवालदाराने कर्मणी प्रयोग आणि बहुव्रीही समास यांत पुण्याच्या अभ्यासिकेत तीन वर्षे बसलेल्या मुलाबरोबर बसायचे. त्याला येते ते वेगळेच. कुणी सिग्नल कोअरमध्ये वायरलेस संच सांभाळलेला असतो, कुणी ईएमई या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत इंजिने उघडून जोडलेली असतात, कुणी पाचशे माणसांच्या रेशनचा हिशेब ठेवलेला असतो. पेपरात यातले काहीच विचारले जात नाही. रकाना त्याला दारापर्यंत आणतो आणि तिथेच सोडतो.

हा प्रश्न आता तातडीचा झाला आहे. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वर्षांच्या मुलांची ‘अग्निवीर’ म्हणून चार वर्षांसाठी भरती, त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत जवानांना पुढे नियमित सेवा आणि बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी देऊन निरोप. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आणि आसाम रायफल्समध्ये त्यांच्यासाठी १० टक्के जागा राखण्याची घोषणा त्याच जून महिन्यात झाली. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. बाहेर पडणारा अग्निवीर पंचविशीच्या आतबाहेर असेल, म्हणजे त्याच्या वयातून वजा करायची वर्षे थोडी. सदतिशीतल्या हवालदाराइतका वयाचा तोटा त्याला नाही. मात्र हवालदाराच्या हाती पेन्शन असते, याच्या हाती ते नाही. दोघांना एकाच रकान्यात कोंबले तर तरुण, चपळ आणि शाळा नुकतीच सुटलेला अग्निवीर हवालदाराला मागे टाकील. दोघांसाठी वेगवेगळा हिशेब मांडावा लागेल.

सैनिकाला प्राधान्य असावे, मात्र ते पहिल्या नोकरीपुरते, एकदाच आणि ठरलेल्या टक्क्यांत. त्याच्या जोडीला तीन कामे राज्याला करता येतील. पुण्यातला सैनिक कल्याण विभाग आणि जिल्ह्याजिल्ह्यातली सैनिक कल्याण कार्यालये जवान सुटण्याच्या वर्षभर आधीच त्याच्याशी संपर्क ठेवू शकतात आणि मराठी व्याकरणापासून संगणकापर्यंतची तयारी त्याच्या शेवटच्या वर्षात करून घेऊ शकतात. वाहनचालक, वायरमन, भांडारपाल, वायरलेस ऑपरेटर अशा पदांसाठी लष्करी ट्रेडची प्रमाणपत्रे थेट ग्राह्य धरून व्यावसायिक चाचणीला अधिक गुण ठेवता येतील. आणि प्रत्येक खात्याने दरवर्षी माजी सैनिकांसाठी किती जागा काढल्या, किती अर्ज आले आणि किती भरल्या, हे तीन आकडे जाहीर करावेत. अग्निवीरांच्या तुकड्या गावी परतू लागतील तेव्हा हे आकडे हाती असले, तर त्यांच्यासाठी नवा रकाना काढायचा की आहे तोच भरून काढायचा, हे निदान अंदाजाने ठरवावे लागणार नाही.